चिमणरावांचं घरटं

बडोद्यातल्या मराठी घरातलं मूल दोन भाषांत हट्ट करतं. आईकडे मराठीत, शेजारच्या मासींकडे गुजरातीत, आणि दोन्हीकडे डाळ शिजली नाही की आजीकडे दोन्हींच्या खिचडीत. 'आजी, मला ने, आइस्क्रीम पाहिजे ने,' हे वाक्य मराठीच आहे. त्यातला 'ने' मात्र गुजराती, आणि लाडीगोडीचं सगळं काम तो एकटा करतो. तो काढून टाकला तर उरते नुसती मागणी. तो असला की आजीचा हात आपोआप बटव्याकडे जातो.

सारखे दिसणारे आणि भलताच अर्थ सांगणारे शब्द ही या शहरातली जुनी करमणूक. गुजरातीत 'जमवुं' म्हणजे जेवणं. शेजारीण प्रेमानं विचारते, 'जमी लीधुं?' मराठी कानाला ते 'जमलं का?' असं ऐकू येतं. नुकताच गणिताचा पेपर देऊन आलेला मुलगा खाली मान घालून 'नाही जमलं' म्हणाला, तर त्या बिचारीनं त्याला ताट वाढायला घेण्यात तिची काही चूक नाही. मराठी आई 'बाहेर ऊन आहे' म्हणते तेव्हा गुजराती मित्राच्या डोळ्यांसमोर लोकर येते. आणि या सगळ्यांचा मुकुटमणी म्हणजे 'नवरा'. गुजरातीत नवरा म्हणजे रिकामा, हाताला काम नसलेला. महाराष्ट्रातून लग्न होऊन आलेली सून 'नवरा छो?' हा साधा प्रश्न पहिल्यांदा ऐकते तेव्हा दचकते आणि नंतर हसते. पुढे मूल झालं आणि रात्री-अपरात्री एकटीनं जागायची वेळ आली की दोन्ही भाषांतले अर्थ तिला एकाच माणसाला लागू पडताना दिसतात.

हे विनोद कुणी एकानं रचलेले नाहीत. ते घरात होतात आणि घरातच राहतात. मूल आलं की घराची भाषाच बदलते. वयानं वाढलेली माणसं बोबडं बोलू लागतात, आजोबांना घोड्याचा आवाज काढावा लागतो, आणि एरवी नेमकं बोलणारी बाई 'आपण आता मंमं करूया हं' असं अनेकवचनात बोलू लागते. मुलांच्या संगोपनावर हसत-हसवत लिहिणाऱ्याला हीच भाषा कामाला येते. वाचक त्याच्याकडे सल्ल्यासाठी जात नाही. सल्ला द्यायला घरात, शेजारात आणि दवाखान्यात भरपूर माणसं असतात. वाचकाला हवी असते एक खूण: आपल्याच घरात असं होतं असं नाही. ती खूण विषयातून मिळत नाही, कारण विषय तर सगळ्यांचे तेच असतात: दूध, अभ्यास, झोप, पाहुण्यांसमोरचा गोंधळ. ती मिळते शब्दातून.

याचा मराठीतला सर्वांत भरघोस नमुना बडोद्यात राहणाऱ्या लेखकाच्या हातून घडला. चिंतामण विनायक जोशी 19 जानेवारी 1892 रोजी पुण्यात जन्मले आणि 1920 मध्ये बडोदा कॉलेजात पाली आणि मराठी शिकवायला आले. पुढे ते संस्थानच्या दप्तराचे अधिकारी झाले. पालीचा अभ्यास त्यांनी धर्मानंद कोसंबींकडे केला होता. कोसंबींनी महाराष्ट्रात कुठेही राहून काम करावं म्हणून त्यांना दरमहा पन्नास रुपये देऊ केले होते ते बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी; म्हणजे गुरूच्या विद्येलाही बडोद्याचा हात लागलेला होता. चिं. वि. दिवसा जुनी कागदपत्रं सांभाळत आणि पाली ग्रंथांचं संपादन करत. लंडनच्या पाली टेक्स्ट सोसायटीसाठी 'सद्धम्मप्पकासिनी' ही अवघड टीका त्यांनी संपादित केली. आणि याच माणसानं चिमणराव नावाचा भित्रा, भोळा, कुटुंबवत्सल कारकून मराठीला दिला.

चिमणरावाच्या घरातली नावं एकदा ओळीनं वाचून पाहावीत. स्वतः चिमण. बायको कावेरी, म्हणजे घरात काऊ. मुलं मोरू, मैना आणि राघू. बहीण चिमी. लेखकाचं स्वतःचं नाव चिंतामण, आणि चिमण हे त्याचं अगदी जवळचं घरगुती रूप. चिमणी, कावळा, मोर, मैना, पोपट: हे कुटुंब नसून झाडावरचं घरटं आहे. त्यात जो एकच माणूस पक्षी नाही तो म्हणजे दांडगा, सोटा बाळगणारा गुंड्याभाऊ, आणि म्हणूनच तो त्या घरट्यात मावत नाही.

ही नावं आली कुठून? मराठी मूल जी पहिली गोष्ट ऐकतं तिथून. शेणाचं घर पावसात वाहून गेल्यावर काऊ चिऊच्या दाराशी येतो आणि चिऊ आतून कारणं सांगत राहते. बाळाचं हे व्हायचंय, बाळाचं ते व्हायचंय, मग उघडते. शतकानुशतकं मुलं ही गोष्ट काऊच्या बाजूनं ऐकत आली. पण जिच्या मांडीवर मूल आहे ती आई ही गोष्ट सांगताना चिऊच्या बाजूनं असते. अंघोळ, पावडर, काजळ, झोप. बाहेर कुणीही थांबलं असलं तरी हा क्रम मोडता येत नाही. मूल असलेल्या घराचं दार का उघडत नाही, हे सांगणारा मराठीतला हा पहिला विनोदी मजकूर आहे, असं खुशाल म्हणावं. चिं. विं.नी चिमणरावाच्या कुटुंबाला त्या गोष्टीच्या वळणाची नावं दिली, आणि वाचक पहिल्याच पानावर स्वतःच्या आईच्या मांडीवर जाऊन बसला. ओळख करून द्यावीच लागली नाही.

त्यांचं पाली इथे कामी आलं असणार, असंही वाटतं. 1930 मध्ये त्यांचं 'जातकातील निवडक गोष्टी' हे पुस्तक आलं. जातकांत पक्षी आणि प्राणी माणसांसारखे बोलतात, चुकतात, शहाणे होतात. चिमणरावाच्या घरात उलटं आहे. माणसं पक्ष्यांची नावं घेऊन चुकतात, आणि शहाणं मात्र फारसं कुणी होत नाही. म्हणून तर पुढची गोष्ट लिहिता येते.

पुस्तकांची नावं पाहिली तरी हाच कल दिसतो. 'एरंडाचे गुऱ्हाळ' 1932 चं, 'चिमणरावाचे चऱ्हाट' 1933 चं, नंतर 'वायफळाचा मळा'. एरंडाला रस नसतो, चऱ्हाट लांबतच जातं, वायफळातून पीक येत नाही. तिन्ही नावं वाचकाला आधीच सांगतात की इथे उपदेश नाही, नुसतं बोलणं आहे, बसा. त्या काळात लेखक म्हणजे वाचकापेक्षा दोन पायऱ्या वर उभा असलेला माणूस. वडील म्हणजे तर दहा पायऱ्या वर: त्यांच्या चपलांचा आवाज आला की मुलं पाठांतराला बसायची. अशा वेळी स्वतःच्या तोंडानं स्वतःची फजिती सांगणारा बाप छापून आला. मुलांपुढे त्याचं चालत नाही, बायको त्याच्यापेक्षा व्यवहारी आहे, आणि गुंड्याभाऊ सोटा घेऊन सोडवायला येतो तेव्हा गुंता वाढतो. चिं. वि. त्याला जे बोलायला लावतात त्यात बापाची उंची कमी होते आणि मुलाची वाढते. संगोपनावरच्या चांगल्या विनोदाचं मर्म हेच आहे. हसू नेहमी मोठ्यांच्या बाजूला पडलं पाहिजे.

त्यासाठी मराठीनं दिलेली एक हत्यारपेटी आहे. तिच्यातलं सर्वांत धारदार हत्यार म्हणजे आदरार्थी अनेकवचन. एरवी मुलाला 'तू' म्हणणारी आई सकाळी साडेआठला पांघरूण ओढत म्हणते, 'उठलात का महाराज?' शाळेतून चिखल घेऊन आलेल्या मुलीचं स्वागत 'या बाईसाहेब' असं होतं. शब्दांत सगळा मान आहे आणि मुलाला मात्र अचूक कळतं की आता पळायची वेळ आली. दुसरं हत्यार षष्ठीचं. मुलगा पहिला आला तर तो 'माझा बाळ', खिडकीची काच फुटली की 'तुमचे चिरंजीव'. एका प्रत्ययात मूल या पालकाकडून त्या पालकाच्या खाती जमा होतं. 'दिवटे', 'कुलदीपक', 'रत्न', 'द्वाड', 'कार्टं' हे शब्द कोशात शिव्यांच्या रांगेत बसतील, पण घरात त्यांचा अर्थ आवाजानं ठरतो. 'मेल्या, इकडे ये' यात मरणाचा लवलेशही नसतो. आणि पूर्वी नवरा-बायकोंनी एकमेकांचं नाव घ्यायचं नसे, तेव्हा मूल हाच त्यांच्यातला व्याकरणाचा पूल होता. मोरूचे बाबा, मोरूची आई. मूल जन्मल्यावर आई-बापांनाही एकमेकांना हाक मारायला नाव मिळालं.

तिसरं हत्यार बडोद्याच्या मातीत फार चांगलं रुजलं असतं: दरबारी भाषा. या शहरात 1931 मध्ये 'श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु' हा राज्यकारभाराच्या शब्दांचा कोश निघाला, आणि त्यात इंग्रजी शब्दांना गुजराती, मराठी, संस्कृत, उर्दू, फारसी, हिंदी आणि बंगाली प्रतिशब्द शेजारी शेजारी मांडले होते. राज्याची स्वतःची 'आज्ञापत्रिका' होती. हुकूम, तगादा, जप्ती, तहकुबी या शब्दांची इथल्या मध्यमवर्गाला रोजची सवय. ही भाषा उचलून चार वर्षांच्या मुलाला लावली की काय होतं ते असं: सदरहू इसमानं आज सकाळी सव्वासात वाजता दुधाचा पेला भिंतीवर रिता केला असून, चौकशीअंती त्यानं तो भिंतीला तहान लागल्यामुळे दिला असल्याचं निवेदन केलं आहे, सबब प्रकरण आजीकडे वर्ग करण्यात येत आहे. भाषा जितकी गंभीर तितकं हसू मोठं, कारण वाचकाला दोन्ही टोकं एकदम दिसतात, राज्य चालवणारी भाषा आणि ज्याच्यापुढे कोणतंच राज्य चालत नाही ते मूल. आजही ज्या आया आपल्या मुलांबद्दल चटकदार लिहितात त्यांच्याकडे हीच युक्ती दिसते, फक्त दरबाराच्या जागी ऑफिस आलं आहे: मीटिंग, डेडलाइन, अप्रेझल, नोटीस पीरियड. दीड वर्षाच्या बॉसला रजेचा अर्ज कसा करायचा, यावर एक आई लिहिते आणि पुण्यापासून न्यू जर्सीपर्यंतच्या आया तो मजकूर एकमेकींना पाठवतात.

चिं. वि. बडोद्यात आले त्याच्या दुसऱ्याच वर्षी, 1921 मध्ये, इथल्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते न. चिं. केळकर. विनोदाचं शास्त्र मांडणारा 'हास्यविनोदमीमांसा' हा ग्रंथ पुढे त्यांनीच लिहिला. शास्त्राची गरज होतीच, पण माणसं हसली ती चिमणरावामुळे. 1940 मध्ये मास्टर विनायकांनी 'लग्न पहावे करून' हा चित्रपट काढला. त्यात दामुअण्णा मालवणकर चिमणराव होते आणि विष्णुपंत जोग गुंड्याभाऊ. 1977 च्या सुमारास मुंबई दूरदर्शनवर दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे यांनी ही जोडी पुन्हा घरोघर आणली. चाळीस-पंचेचाळीस वर्षांत पोशाख बदलला, पगार बदलले, पण काऊनं चिमणरावाकडे पाहून सोडलेला सुस्कारा प्रेक्षकांच्या ओळखीचाच होता. याच प्रभावळकरांनी पुढे 'बोक्या सातबंडे' लिहिला. चिमणरावाची फजिती अंगावर घेतलेल्या नटानं नंतर मुलाच्या बाजूनं लेखणी उचलली, हा योगायोग मनाला फार भावतो.

पण गुजरातच्या याच मातीत, चिं. वि. लिहीत होते त्याच वर्षांत, मुलांबद्दल अगदी वेगळ्या सुरात बोलणारी माणसंही होती, आणि त्यांना सोडून हा विषय पुरा होत नाही. चिं. वि. बडोद्यात रुजू झाले त्या 1920 सालीच भावनगरला दक्षिणामूर्ती संस्थेचं बालमंदिर सुरू झालं. ते सुरू करणारे गिजुभाई बधेका वकिली सोडून मुलांत आले होते. गुजरातनं त्यांना 'मूछाळी मा', म्हणजे मिशीवाली आई, असं नाव दिलं. दोन शब्दांचा हा विनोद कितीतरी प्रबंधांना भारी आहे. तो हसवतो आणि त्याच दमात सांगतो की आईपण हे मिशा असणाऱ्यालाही शिकता येतं. पालकांसाठी लिहिलेल्या त्यांच्या पुस्तकाचं नावच 'माबाप थवुं आकरुं छे' असं आहे: आईबाप होणं अवघड आहे. त्यांच्याबरोबर भावनगरला काम केलं ताराबाई मोडकांनी. त्या मुंबईच्या, मराठी, आणि जन्म 1892 चाच, चिं. विं.च्या नंतर तीन महिन्यांनी. पुढे बोर्डीला आणि कोसबाडला त्यांनी आदिवासी मुलांच्या अंगणात बालवाडी नेली.

गिजुभाई आणि ताराबाई मुलांना मारू नका, भिववू नका, लालूच दाखवू नका असं सांगत राहिले. चिमणराव असं काही सांगत नाही. तो फक्त मार द्यायला उठतो आणि स्वतःच अडखळून पडतो. तरी दोन्ही बाजूंचं म्हणणं एकाच ठिकाणी पोचतं. ज्या घरात बाप स्वतःवर हसू शकतो त्या घरात छडी फार दिवस खुंटीवर टिकत नाही. उपदेश वाचून पालकाला अपराधी वाटतं, आणि अपराधी माणूस चिडतो. ती चीड पुन्हा मुलावरच निघते. हसलेला पालक मात्र सैल होतो. अमेरिकेत ओहायोमधल्या एर्मा बॉम्बेक यांनी 1965 पासून घर आणि मुलं यांवर सदर लिहिलं आणि ते पुढे सुमारे नऊशे वर्तमानपत्रांत छापलं गेलं, तेही याच कारणानं. न धुतलेल्या कपड्यांचा ढीग त्यांनी ढीग म्हणूनच दाखवला, आणि लाखो बायकांना पाठीवर हात फिरल्यासारखं वाटलं.

मात्र एक रेघ स्पष्ट ओढायला हवी. हल्ली मुलाचं रडणं, घाबरणं, चड्डीत शू होणं हेच विनोद म्हणून दाखवलं जातं. कॅमेरा चालू ठेवून आई मुद्दाम खोटं सांगते, मूल भोकाड पसरतं, आणि अनोळखी माणसं हसतात. याला चिमणरावाच्या परंपरेतलं म्हणू नये. तिथे हसू बापावर होतं आणि बाप स्वतःच्या मर्जीनं ते अंगावर घेत होता. इथे ज्याच्यावर हसायचं त्याला कुणी विचारलेलं नसतं. मोरू-मैना कल्पनेतली मुलं होती, त्यांना शाळेत कुणी चिडवणार नव्हतं. खऱ्या मुलाला चिडवतात. पुण्याहून 1987 पासून निघणारं 'पालकनीती' हे नियतकालिक किंवा शोभा भागवतांचं 'आपली मुलं' हे पुस्तक यांत हसण्याच्या जागा पुष्कळ आहेत, पण मुलाची मान खाली घालणारी जागा शोधून सापडायची नाही. लिहिणाऱ्याची कसोटी सोपी आहे. हे मूल पंधरा वर्षांचं झाल्यावर हा मजकूर वाचून आपल्याबरोबर हसेल का? उत्तर नाही असेल तर ते पान घरातच राहू द्यावं.

बडोद्यात 1949 मध्ये महाराजा सयाजीराव विद्यापीठ स्थापन झालं. हंसाबेन मेहता पहिल्या कुलगुरू होत्या आणि त्या स्वतः गुजरातीत मुलांसाठी लिहीत. विद्यापीठाच्या पूर्वीच्या गृहविज्ञान शाखेची 'चेतन बालवाडी' आहे, तिथे मुलं कशी वाढतात याचं निरीक्षण करायला विद्यार्थी शिकतात. उंची, वजन, शब्दसंख्या यांच्या नोंदी होतात. त्या हव्यातच. पण मूल दोन भाषांच्या मधोमध उभं राहून जे वाक्य बनवतं, 'मी झाडावरून पडून गेलो' किंवा 'बाबा, तू नवरा आहेस ना, मग माझ्याशी खेळ', ते तक्त्यात मावत नाही, आणि दुसऱ्या दिवशी कुणाला आठवतही नाही.

2018 च्या फेब्रुवारीत एक्याण्णवावं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन याच शहरात भरलं आणि बडोद्याच्या मराठीबद्दल व्यासपीठावरून पुष्कळ बोललं गेलं. ती मराठी प्रत्यक्षात कशी बोलली जाते, हे तिथल्या भाषणांपेक्षा कारेलीबागेतल्या एखाद्या फ्लॅटमध्ये रात्री नऊ वाजता जेवणाच्या ताटापुढे जास्त चांगलं ऐकू येतं. तेव्हा बडोद्यातल्या, आणि सुरत, इंदूर, बेळगाव, हैदराबाद इथल्याही मराठी आई-बाबांना एवढंच सांगणं आहे: एक साधी वही घ्या. मूल असं काही बोललं की त्याच दिवशी, त्याच्याच शब्दांत, दुरुस्त न करता लिहून ठेवा, वर तारीख घाला, आणि स्वतः त्या वेळी काय चुकलात तेही शेजारी लिहा. मूल मोठं झालं की वही त्याच्या हातात द्या.